अँथनी गोन्साल्विस यांना आदरांजली हवी, तर त्यांचे संगीत वाजवा

१/ दिवंगत वाद्यवृंद-संचालक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्या स्मरणार्थ मैफल करायची, तर ‘अमर अकबर अँथनी’तील त्यांच्या नावाचे गाणे वाजवून भागणार नाही. का, ते या थ्रेडमध्ये.

२/ १९७७ चे ते गाणे अवमान नव्हे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. शिष्याने गुरुदक्षिणा दिली. आपण मात्र गुरूचे नाव घेतले आणि विद्या सोडून दिली.

३/ ती विद्या कोणती? गोन्साल्विस गोव्यातील माजोर्ड्याचे. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवीत. त्या शाळांतून घडलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. संगीतकाराची चाल प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवणे हे स्वतंत्र, कठीण काम होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी ते सेबॅस्टियन डिसूझा यांनी केले. श्रोत्यांना किती जणांची नावे ठाऊक आहेत?

४/ १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात तो वाजला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. सारंग, तोडी अशा रागांवर त्यांनी वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या.

५/ आक्षेप ठरलेला : ‘राग कागदावर बांधला की मरतो.’ आलाप लिहून देता येत नाही, हे मान्य. पण अनेक वाद्यांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवायचे, तर लेखनावाचून गत्यंतर नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्येच मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापला होता. गोन्साल्विस यांनी त्याच साधनाला राग बोलायला लावला. प्रयोग फसला म्हणायचे असेल, तर आधी तो ऐका.

६/ आता आमच्या शहापूर-मुरबाडकडे पाहा. इथल्या वरातींतही क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजतात. वादक कानाने चाल उचलतात. कसब त्यांच्याकडे आहे, स्वरलिपीचा वर्ग नाही. माजोर्ड्याच्या मुलाला गावातच जे मिळाले, ते मुरबाडच्या मुलाला का मिळू नये?

७/ म्हणून मागण्या तीन. मैफलीत आधी गोन्साल्विस यांच्या स्वतःच्या रचना वाजवा. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या रांगेतील वादकाचेही नाव छापा. आणि तिकिटांच्या पैशांतून एखाद्या तालुक्याच्या गावी स्वरलिपीचा वर्ग चालवा. वारसा वाजवणाऱ्यांच्या हातांत टिकतो. निव्वळ टाळ्यांनी तो पुढे जात नाही.