रस्त्यावरचा ‘वेडा’ कुणाच्या तरी घरचा हरवलेला आहे

दसरा-दिवाळी उरकली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, पाथर्डी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. उचल किती, कोयते किती, याचा हिशोब मुकादमाच्या वहीत चोख असतो. पण हंगाम संपून टोळी परतताना एखादा माणूस कमी असला, तर त्याची नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. “डोक्यावर परिणाम झाला, कुठंतरी निघून गेला” एवढ्यावर विषय मिटतो. माणूस गेला आणि कागद कोराच राहिला, असे हे प्रकरण आहे.

याची दुसरी बाजू आपण रोज पाहतो. एस.टी. स्टँडवर, बाजारतळावर, पाराखाली अंगावर चिंध्या, वाढलेले केस, तोंडाने अगम्य बोलणारा एखादा माणूस बसलेला असतो. गाव त्याला ‘वेडा’ म्हणते. कनवाळू असतील ते भाकरी देतात. त्रास वाटला की चार जण त्याला टेम्पोत घालून शेजारच्या तालुक्याच्या हद्दीत सोडून येतात. ही रीत फार वाईट आहे. त्याला असे पुढे ढकलले की मागून शोधत येणाऱ्या घरच्यांचा माग तुटतो. एका जिल्ह्यातला हरवलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला ‘वेडा’ होतो, आणि दोन्हींची गाठ पडत नाही.

स्थलांतरात हे जास्त का घडते, तेही समजून घ्यावे. स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणजे कोयता हाती धरायच्याच वयात. गोळ्या चालू असल्या की असा माणूस चारचौघांसारखे काम करतो. पण फडावर जाताना महिनाभराच्या गोळ्या बरोबर असतात, केसपेपर घरी राहतो आणि गोळ्या संपल्या की औषध बंद पडते. पहाटे तीन-चारला उठून तोडणी, रात्री-अपरात्री गाडी भरणे, त्यात झोपेचे खोबरे. झोप मोडली की दबलेला आजार उसळतो. त्यावर कुणी दारू पाजतो, कुणी देवऋषाकडे नेतो. मग एका रात्री तो कोपीवरून उठून चालू लागतो आणि मिळेल त्या रेल्वेत बसतो. भाषा बदलली की नाव-गाव सांगूनही समोरच्याला कळत नाही. आपल्याकडे वीटभट्टीवर, गुऱ्हाळावर उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून येणाऱ्या मजुरांचेही हेच होते.

असा माणूस बरा होऊन घरी जातो का? जातो. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने 1988 पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, औषधोपचार करून घरी पोचवण्याचे काम सुरू केले. त्यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र रायगड जिल्ह्यात कर्जतला आहे. हजारो रुग्ण तिथून देशभरातल्या आपापल्या गावी परतले. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथला अनुभव साधा आहे: औषध लागू पडले की पुष्कळ रुग्ण स्वतःच नाव, गाव, तालुका सांगू लागतात.

कायदाही स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 100 नुसार, आजारी असून स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस फिरताना आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीस न्यायचे आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. दारिद्र्यरेषेखालील व बेघर माणसाला सरकारी उपचार मोफत आहेत, मग रेशनकार्ड असो वा नसो.

काही घरांत माणूस हरवू नये म्हणून त्याला साखळीने बांधतात. हेतू मायेचा असला तरी मार्ग चुकीचा आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले, कारण त्यांना पळता आले नाही. माणूस घरात राहतो तो औषधाने.

आता ज्याने त्याने काय करावे ते सांगतो. निघण्याआधी मुकादमाने प्रत्येक मजुराचा फोटो, घरचा फोन नंबर आणि चालू औषधाची चिठ्ठी मोबाईलमध्ये ठेवावी. औषध चालू असलेल्या घरच्यांनी जिल्हा रुग्णालयात सांगून जादा दिवसांच्या गोळ्या मागाव्यात व केसपेपर बरोबर न्यावा. ग्रामसेवकाने कोण कुठल्या कारखान्याला गेले याची यादी ठेवावी. माणूस हरवला तर तिथल्याच पोलीस ठाण्यात त्याच दिवशी तक्रार द्यावी. चोवीस तास थांबावे लागते ही समजूत खोटी आहे. तक्रारीची एक प्रत आपल्या गावच्या ठाण्यातही द्यावी. उचल फिटली नाही म्हणून तक्रार दाबणाऱ्या मुकादमाला गावाने पाठीशी घालू नये.

आणि गावात अनोळखी माणूस दिसला तर पोलीस पाटलाने ठाण्याला कळवावे. शेतकऱ्याने त्याला हुसकू नये, 112 नंबर फिरवावा. सल्ला हवा असेल तर ‘टेलीमानस’चा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतही बोलतो.

शेतकरी बंधूंनो, 2002 साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा आपण नशिबाला दोष देत बसलो नाही. कीड कोणती ते ओळखले, मित्रकीटक आणून सोडले, फड वाचवले. मनाचा आजारही आजारच आहे, त्याला नाव आहे आणि औषध आहे. ज्यांच्या हाताने आपला ऊस कारखान्यावर पोचतो, त्यांची मोजणी मोळ्यांच्या हिशोबापुरती ठेवू नये. येत्या ग्रामसभेत बाहेर गेलेल्यांची आणि गावात आलेल्यांची यादी वाचून दाखवा. यादीत नाव असले तरच हरवलेल्याचा शोध सुरू होतो.