टाकीवरची चित्रे आणि पाण्याचे ऋण

माझगावला भंडारवाड्याच्या टेकडीवर एक बाग आहे. बागेला जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव दिलेले आहे. आपल्या समाजाला या नावाचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेला हा ईस्ट इंडियन सुपुत्र पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकला, केंब्रिजला जाऊन आला, लोकमान्य टिळकांचा विश्वासू सहकारी झाला, १९१६ साली होमरूल लीगचा अध्यक्ष झाला, १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे राहिला आणि १९२५ साली मुंबई महापालिकेच्या अध्यक्षपदी बसला. काका बॅप्टिस्टांविषयी आपल्या मंडळींना इतके तरी ठाऊक असते. परंतु ज्या हिरवळीवर आपण उभे असतो तिच्याखाली काय आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. तिच्याखाली पाणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा जलाशय दक्षिण मुंबईच्या मोठ्या वस्तीची तहान भागवतो, आणि त्याच्या माथ्यावर फिरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

काही दिवसांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या एका सभेत आम्ही एक सूचना मांडली. शहरातील जलाशय, जलशुद्धीकरण केंद्रे, उदंचन केंद्रे आणि टाक्या यांच्या ठिकाणी चांगल्या कलावंतांकडून सार्वजनिक कलाकृती करून घ्याव्यात, अशी मागणी आपण नागरिक या नात्याने पालिकेकडे करावी, एवढीच ती सूचना होती. सभेत हशा पिकला. एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "फादर, नळाला पाणी नाही आणि तुम्ही टाकीला चित्रे काढायला निघालात!" दुसऱ्यांनी विचारले, की ख्रिस्तसभेला या भानगडीत पडण्याचे कारण काय? आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. आज मात्र उत्तर देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. म्हणून त्यातील सत्य आम्ही आधीच मान्य करतो. ज्या वस्तीला नळ नाही तिच्या डोळ्यांसमोरच्या टाकीवर रंगीत फुले काढणे हा त्या वस्तीचा अपमान आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, की झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाचा पाण्यावरील हक्क नाकारता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात स्वच्छ पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे म्हटले. या दोन्ही गोष्टी आम्हांस शिरोधार्य आहेत. परंतु यावरून 'आधी पाणी, मग कला' असा जो निष्कर्ष काढला जातो तो आम्हांस मान्य नाही. आपल्या पूर्वजांनी असा क्रम कधी लावला नव्हता. साताऱ्याजवळ लिंब गावी वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर पाहा. ती आमराई भिजवण्यासाठी बांधली. बारा मोटा चालतील एवढी तिची ताकद. तरीही तिच्या दगडांवर सिंहाची शिल्पे आहेत आणि मध्यभागी बसण्यासाठी महाल आहे. छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीही धान्य दळण्यासाठीच उभारलेली; पण दूरवरून नहरीने आणलेले पाणी उंच भिंतीवरून असे सोडले आहे, की ते पाहण्यासाठी माणसे आजही तेथे थांबतात. मुंबईतल्या मशीद बंदर भागात १८७६ साली उभा राहिलेला केशवजी नाईक कारंजा म्हणजे व्यापाऱ्यांची, हमालांची आणि गुरांची तहान भागवणारी पाणपोईच होती. तिला घुमट आणि नक्षी देताना कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. उपयुक्त वस्तू कुरूपच असली पाहिजे, हा नियम आपल्या काळाने केला आहे. त्यामुळे गरिबाला एक घागरही अधिक मिळालेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. जे दिसत नाही त्याची काळजी कोणी घेत नाही. मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पिढ्यान् पिढ्या मुले खेळली. त्या बागेखाली शंभर वर्षांहून जुना जलाशय आहे, हे बहुसंख्य मुंबईकरांना कळले ते २०२३ साली, त्याच्या पुनर्बांधणीसाठी शेकडो झाडे तोडण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा. नागरिक जागे झाले, तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, जलाशयाच्या आत उतरून पाहणी करावी लागली. हेच कुतूहल लोकांना आधी असते तर? बागेच्या दाराशी एखाद्या शिल्पकाराने पायाखालच्या त्या अंधाऱ्या पाण्याची ओळख करून दिली असती, तर लोकांनी त्या पाण्याची विचारपूस कितीतरी आधी केली असती.

आता दुसरा आक्षेप. ख्रिस्तसभेला यात पडण्याचे कारण काय? आम्ही नम्रपणे विचारतो, की ख्रिस्तसभा यात कधी नव्हती? रोममधील प्रसिद्ध त्रेवी कारंजे हे कारंजे नंतर, जलवाहिनी आधी आहे. इ.स. पूर्व १९ मध्ये आग्रिप्पाने बांधलेल्या जलवाहिनीचे ते शेवटचे टोक. पंधराव्या शतकात पोप निकोलस पाचवे यांनी ती वाहिनी दुरुस्त केली आणि १७६२ साली आजचे कारंजे पूर्ण झाले. प्रवासी त्यात नाणी टाकतात, पण वरची दोन उठावचित्रे क्वचितच कोणी पाहतो. एका चित्रात एक कुमारिका तहानलेल्या सैनिकांना झऱ्याची जागा दाखवते आहे. दुसऱ्यात आग्रिप्पा जलवाहिनीचा आराखडा मान्य करतो आहे. हे पाणी कोठून आले आणि कोणी आणले, हे सांगणे हाच त्या शिल्पाचा मूळ हेतू.

परंतु रोमनेच आपल्याला दुसरा धडाही दिला आहे, आणि तो लपवणे आम्हांस शोभणार नाही. पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८७ साली शहराच्या उंच भागाला पाणी आणले, हे मोठेच पुण्यकर्म. पण त्या वाहिनीला त्यांनी नाव दिले ते 'फेलीचे', म्हणजे स्वतःचेच पूर्वाश्रमीचे नाव. तिच्या कारंज्यावर मोशेचा एक अगडबंब पुतळा बसवण्यात आला. तो इतका बेढब निघाला की रोमकर त्याची टिंगल करताना थकले नाहीत. आपल्या गल्लीतील टाकीवर लोकप्रतिनिधीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि पाणी येण्याची वेळ बारीक अक्षरांत पाहिली, म्हणजे आम्हांस ते कारंजे आठवते. मोह फार जुना आहे, आणि तो झग्यातल्या माणसालाही सुटलेला नाही.

याच्या उलट उदाहरण पवित्र शास्त्राच्या भूमीतच आहे. हिज्कीया राजाने तळे व पाट बांधून नगरात पाणी आणले, असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. तो सुमारे ५३३ मीटरांचा बोगदा यरुशलेमच्या खडकात आजही आहे आणि त्याचे पाणी शिलोहच्या तळ्याकडे वाहते. प्रभू येशूने जन्मांधाला डोळे धुण्यास पाठवले ते शिलोहलाच. १८८० साली या बोगद्याच्या भिंतीवर एक प्राचीन हिब्रू शिलालेख सापडला. त्यात राजाचे नाव नाही. त्यात आहेत ते खोदणारे मजूर. दोन टोकांनी दोन तुकड्या खडक फोडत आल्या, मध्ये थोडेच अंतर उरले असता एकमेकांचे आवाज ऐकू आले, टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी वाहू लागले, अशी हकिकत त्यात कोरलेली आहे. जलकेंद्रावर काय लिहावे याचा याहून चांगला नमुना आम्हांस माहीत नाही.

आमचे म्हणणे येथे स्पष्ट व्हावे. आम्ही मागतो आहोत ती साक्ष; सजावटीशी आम्हांस कर्तव्य नाही. आज शहरांत भिंती रंगवण्याची लाट आली आहे. पालिकेच्या आवारभिंतींवर मोर, फुलपाखरे, स्वच्छतेची घोषवाक्ये आणि वारली चित्रे झळकतात. त्या वारली चित्रांपुढे आम्ही पुष्कळदा थांबलो आहोत. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग भिंतीवर किती डौलदार दिसते! पण ही चित्रकला ज्या आदिवासी समाजाची, त्याचे पाडे ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत, मुंबईला पाणी देणाऱ्या नद्यांच्या मुलखात आहेत. तानसाचे धरण १८९२ सालचे, मोडकसागर १९५७ सालचा, मध्य वैतरणा २०१४ सालचे. विहार आणि तुळशी सोडले तर मुंबईचे सारे मोठे जलाशय शहराबाहेर, दूरच्या डोंगरांत आहेत. सातही तलावांतून मिळून या शहराला दररोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी येते. आणि ज्या शहापूर तालुक्याच्या कुशीत तानसा आणि भातसा आहेत, त्याच तालुक्यातील गावपाडे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आले आहेत. भिंतीवरची बाई हंडा घेऊन नाचते. पाड्यावरची बाई तोच हंडा घेऊन कोस तुडवते. हे न सांगणारी चित्रकला आम्हांस नको, कारण तिने भिंत रंगते आणि अन्याय झाकला जातो.

कोणी म्हणेल, की जलाशयांच्या ठिकाणी सुरक्षेचे नियम कडक असतात, तेथे कलावंतांना कोण शिरू देणार? आत शिरण्याची गरजच नाही. दार, कुंपण, बाग, रस्त्याकडची भिंत एवढी जागा पुरेशी आहे. दुसरा म्हणेल, की पैसा कोठून येणार? अमेरिकेतील सिअॅटल शहराने १९७३ सालीच नियम केला, की सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातील एक टक्का कलेसाठी राखावा. त्या शहराजवळच्या रेन्टन येथे सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रालगत लॉर्ना जॉर्डन या कलावतीने १९९६ साली आठ एकरांची बाग रचली. पावसाचे गढूळ पाणी एकामागून एक तळ्यांतून उतरत स्वच्छ होते आणि शेवटी ओढ्याला मिळते. चालणारा माणूस ते डोळ्यांनी पाहतो. तेथे कलाकृतीच पाणी गाळण्याचे काम करते, म्हणून 'आधी काम की आधी कला' हा वादच उरत नाही.

आमची मागणी म्हणून चार अटींसह आहे. ज्या वस्तीला टाकीचे पाणी मिळत नाही तिथे आधी नळ, आणि तोवर त्या टाकीला रंगाचा हात लावू नये. कलाकृतीवर कोणत्याही पदाधिकाऱ्याचे नाव असू नये. त्यात आमच्यासारखे धर्मगुरूही आले. ज्या गावांचे पाणी आपण पितो त्या गावांच्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांचे चित्र काढू नये, आणि काढणारा हात त्यांचा असेल तर त्याला पुरता मोबदला द्यावा. चौथी अट अशी, की धरण बांधणारे मजूर, मोठ्या जलवाहिन्यांवर राबणारे कामगार आणि आपल्या वॉर्डात अपरात्री पाणी सोडणारा चावीवाला यांना त्यात जागा असावी. आरंभ भंडारवाड्यालाच व्हावा. जो पुरुष अभियंता होता आणि कामगारांचा पुढारीही होता, त्याच्या नावाच्या बागेत श्रमाची आणि पाण्याची ही हकिकत दगडात उतरली, तर त्याचे याहून उचित स्मारक ते कोणते?

आणि शेवटी आपल्या घराकडे वळू. पालिकेला उपदेश करणाऱ्या आपणा कॅथॉलिकांचे हात स्वच्छ आहेत काय? वसईत ज्या बावखलांनी वाड्यांना आणि विहिरींना शतकानुशतके जगवले, त्यांपैकी कित्येक आपल्याच लोकांनी मातीने भरून त्यांवर इमारती चढवल्या. देवळांच्या आवारातील विहिरींवर आपण लोखंडी झाकणे घालून वाहने उभी केली. शमरोनी स्त्री येशूला भेटली ती विहिरीच्या काठी. आमच्या विहिरीच्या काठी आज कोणी कोणाला भेटू शकत नाही. त्या झाकणांखालचे पाणी आधी पाहावे लागेल, उपसावे लागेल, आणि मग तिच्या कठड्यावर आपल्या धर्मग्रामातील एखाद्या गवंड्याच्या किंवा मूर्तिकाराच्या हातून ती कोणी खोदली हे कोरावे लागेल.

सभेत हसलेल्या त्या बंधूंच्या नातवाचा स्नानसंस्कार येत्या महिन्यात आहे. कुंडातील पाणी आम्ही आशीर्वादित करू, त्याआधी जमलेल्या मंडळींना ते कोठून आले हे सांगणार आहोत: तानसाचे नाव, वैतरणेचे नाव, आणि त्या काठांवर टँकरची वाट पाहणाऱ्या माणसांसाठी एक प्रार्थना. टाकीवरच्या चित्रांविषयी त्यांच्याशी पुन्हा बोलणे आम्ही त्यानंतरच करू.