जुनी गाडी, रोजचा रस्ता

मोटारसायकलची पहिली नोंदणी होऊन 50 वर्षे उलटली असतील आणि तिच्या मूळ रूपात मोठा फेरफार झाला नसेल, तर जुलै 2021च्या केंद्रीय नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. मान मोठा आहे. नव्या नोंदणीची फीही 20 हजार रुपये आहे. मात्र तो शिक्का बसला की त्याच गाडीवरून रोज कुपवाडच्या एमआयडीसीत ड्यूटीला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे, जवळपास एवढ्यापुरतेच तिने रस्त्यावर यायचे. आजोबांची बुलेट जपून ठेवणाऱ्याची सोय झाली. तीच बुलेट रोज दामटणाऱ्याची सोय कोणी पाहिलेली नाही, आणि सांगली, मिरज, कराड, साताऱ्याच्या पट्ट्यात असे लोक कमी नाहीत.

या गाड्यांचा काळ एकच असला तरी कुळे वेगवेगळी. बुलेट 1955पासून मद्रासला बनू लागली. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961च्या सुमारास सुरुवात केली आणि येझदीसह 1996मध्ये दार बंद केले. एस्कॉर्ट्सची राजदूत मूळ पोलंडच्या आराखड्यावरची. दुधाचे कॅन लटकवायला हिच्यासारखी गाडी नाही, अशी तिची ख्याती. एक गाडी तर आपल्याच अंगणातली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी 1975मध्ये उभारलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. 2006मध्ये तिथले स्कूटरचे उत्पादन थांबले आणि कंपनी पुढे गुंतवणूक सांभाळणारी कंपनी म्हणून उरली. साताऱ्याची प्रिया आज साताऱ्यातच शोधावी लागते.

ही सगळी यंत्रे पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडता येतील अशी घडवलेली होती, आणि उघडणारे हात या भागात होते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910मध्ये ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तो माळ आज सांगली जिल्ह्यात आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडर रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवून देणारे लेथवाले आजही आहेत. त्यामुळे इंजिन हा या गाड्यांचा खरा प्रश्न कधीच नव्हता. पन्नास वर्षांत रस्ता बदलला आणि पेट्रोल बदलले, प्रश्न तिथे आहे.

पेट्रोलचे आधी पाहू, कारण त्यात आपला हात गुंतलेला आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातला काही वाटा वाळवा, पलूस, कराडच्या उसाचा असतो. उसाला चार पैसे मिळतात, तेलाची आयात कमी होते. धोरण म्हणून आमचा त्याला विरोध नाही. पण एप्रिल 2023नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिकचे भाग हे मिश्रण सोसतील असे निवडलेले आहेत. 1978च्या येझदीचे तसे नाहीत. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते, पेट्रोल कॉकमधली बुचाची पॅकिंग कुरतडते आणि हवेतली ओल ओढून घेते. गाडी महिनाभर उभी राहिली तर ते पाणी इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसते आणि गंज आतून सुरू होतो. शिवाय इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो ठरलेल्या मापानेच हवा देतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. टू-स्ट्रोक गाड्यांत तर पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते.

उपाय अवघड नाहीत. इथेनॉल सोसणारी नळी, नव्या सील आणि पॅकिंग, टाकी आतून साफ करून घेणे, कार्बोरेटरचा मेन जेट एखाद्या नंबरने मोठा करणे आणि प्लगचा रंग पाहून तो बरोबर बसला का ते ताडणे. एवढे केल्यावरही ॲव्हरेज थोडे पडणारच, कारण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. तो दोष मिस्त्रीच्या माथी मारू नये.

दुसरी गोष्ट वीज. जुन्या जावा, राजदूत आणि बुलेट 6 व्होल्टवर चालत. 35 वॉटचा दिवा लावायचा तर सहा अँपिअरच्या आसपास करंट लागतो. गाडी सिग्नलला थांबली की दिवा पिवळा पडतो. तीच गाडी 12 व्होल्टवर नेऊन चांगला रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवला, तर 10 वॉटच्या एलईडीला एक अँपिअरही लागत नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की पावसाळ्यातल्या सकाळच्या निम्म्या किका वाचतात. बुलेटवाले यावर नाक मुरडतात. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर दाबून किक मारण्याचा तो सोहळा त्यांना हवा असतो. तो रविवारी ठेवावा. सोमवारी सकाळी मिरजेची गाडी पकडायची असते. एलईडी मात्र प्रमाणित असावा. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला कसलाही पांढरा बल्ब कोंबला, तर समोरच्याचे डोळे दिपतात.

वायरिंगच्या बाबतीत सांगलीकरांनी एक प्रश्न हमखास विचारावा. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. 2021मध्येही पुन्हा पाणी आले. तेल बदलून इंजिन चालू करता आले, पण वायरीच्या वेष्टणात शिरलेले पाणी तांब्याला आतून खात राहते. वरून रंगरंगोटी केलेली गाडी विकत घेताना ती पुरात होती का, हे विचारावे आणि उत्तर काहीही मिळो, वायरिंग संपूर्ण नवे टाकावे.

तिसरी गोष्ट ब्रेक, आणि इथे आमचे मत ठाम आहे. दीडशे किलोंहून जड गाडी, त्यावर दोन माणसे, आणि पुढे केबलने ओढला जाणारा लहानसा ड्रम. ज्या काळात सांगली-मिरज रस्त्यावर सायकली जास्त होत्या, त्या काळाला हे पुरत होते. आज पुढची कार डिस्क ब्रेक आणि एबीएसच्या जोरावर जागच्या जागी थांबते आणि मागचा बुलेटवाला थांबत नाही. ड्रम गोल करून घेणे, चांगले लायनर आणि नवी केबल ही किमान गरज. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचे पुढचे शॉकअप आणि डिस्क बसत असेल, तर उत्तमच. टायर भरपूर नक्षीचे असले तरी त्यांच्या बाजूवरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. घरात दुसरी गाडी स्प्लेंडर असेल, तर ऐन वेळी पाय सवयीने चुकतो. लिंकेज घालून हे उलटवता येते, पण त्यात ढिलाई राहते. एकट्यानेच चालवायची असेल तर आहे तसे ठेवावे. घरातले तिघे वापरणार असतील तर पाच गिअरचा डाव्या बाजूचा गिअरबॉक्स बसवण्याचा खर्च सोसावा.

एवढे सगळे सांगूनही पैसा जातो कुठे? सायलेन्सरवर. नळी फुटकी, ब्रेक ढिला, पण फटाक्यांचा आवाज दणदणीत. ध्वनिप्रदूषणासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 190मध्ये पहिल्याच गुन्ह्याला 10 हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे, आणि आमची त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती कलम 52च्या अंमलबजावणीबद्दल. गाडीच्या रचनेत असा बदल करू नये की ती नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असे हे कलम सांगते. 2019च्या दुरुस्तीने मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आली. चासी कापणे, दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवणे यांना हे लागू व्हायलाच हवे. पण ज्याने गाडीच्या मूलभूत स्वरूपात फरक पडतो तोच फेरफार, अशी व्याख्या कायद्यातच आहे. मग ड्रमच्या जागी डिस्क आली, 6 व्होल्टचे 12 झाले, तर स्वरूप बदलले का? पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओत उभी करताना मालकाला याचे उत्तर माहीत नसते. म्हणून तो सुधारलेले भाग काढून जुने बसवतो, शिक्का घेतो आणि घरी येऊन पुन्हा बदलतो. सुरक्षितता वाढवणारे बदल लपवावे लागणे ही विचित्र अवस्था आहे.

फेरनोंदणीची फी, पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे 531 रुपये, हे सगळे मालक भरतो आहे. जुने आरसी पुस्तक ऑनलाइन नोंदीत नसेल तर बॅकलॉग एंट्रीसाठी हेलपाटेही घालतो. त्या बदल्यात परिवहन आयुक्तांनी एक साधी यादी प्रसिद्ध करावी: प्रमाणित दिवा, 12 व्होल्टची वीज, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढची डिस्क, इंडिकेटर आणि आरसे यांना जुन्या गाडीवर मुभा, चासी, सायलेन्सर आणि परक्या इंजिनाला नाही. तपासणीसाठी आयटीआयमधील निदेशकांची मदत घेता येईल. विजेवर चालणाऱ्या किटला प्रमाणित करण्याची पद्धत आधीपासून आहे, तर डिस्क ब्रेकसाठी ती बसवणे अशक्य नाही.

ही यादी निघेल तेव्हा निघेल. मालकांनी तोवर बदल असे करावेत की परत फिरवता येतील: भोके पाडू नयेत, वेल्डिंग टाळावे, काढलेले मूळ भाग पोत्यात बांधून माळ्यावर ठेवावेत. आणि या वेळी गाडी मिस्त्रीकडे टाकाल तेव्हा सायलेन्सरचा विषय निघण्याआधी पेट्रोलची नळी आणि पुढचा ब्रेक बदलून घ्या.