संपादकीय : सिकलसेल आणि आपले मौन

राबिघच्या उन्हात काम करणारा विदर्भातील एक तरुण असह्य हाडदुखीने तळमळत आमच्यापुढे आला. "लहानपणापासून वात आहे, डॉक्टरसाहेब," असे तो म्हणाला. तपासणीत सिकलसेल निघाला. घरी ते ठाऊक होते. परंतु बहिणीचे लग्न व्हावयाचे असल्याने तो शब्द कोणी उच्चारावयाचा नाही, असे ठरले होते. यंदाच्या स्मरणिकेचे हे पान आम्ही त्याच शब्दासाठी राखले आहे.

मध्य भारतातील सिकल दोषाची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात कुळाचा कलंक कसला? हिवतापाच्या मुलखात ज्या बालकांकडे असे एकच जनुक होते ती अधिक जगली, म्हणून ते जनुक टिकले.

आईबापांनी एक धोका मात्र ओळखावा. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, या आजारातील पेशी जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून अस्थिमज्जेला अहोरात्र नव्या पेशी घडवाव्या लागतात. पार्व्हो नावाचा विषाणू हे काम आठवडाभर बंद पाडतो. शेजारच्या मुलाला किरकोळ ताप येऊन जातो. आपल्या मुलाचे हिमोग्लोबिन जिवावर बेतेल इतके उतरते. जमैकात सार्जंट व सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हा संबंध दाखवून दिला. वेळेवर रक्त मिळाल्यास मज्जा आपोआप पुन्हा कामाला लागते. मूल एकाएकी फिकट पडले, धापू लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, हे अमेरिकेत 1995 मध्ये सिद्ध झाले. परंतु मात्रा वाढवीत नेली की मज्जा दबण्याची भीती, आणि त्यासाठी वरचेवर रक्ततपासणी. गडचिरोलीहून एस.टी.ने येणाऱ्या मातेला ते कसे परवडावे? नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी मुलांना दर किलो वजनामागे रोज 10 मिलिग्रॅम एवढीच स्थिर मात्रा देऊन पाहिली. झटके कमी झाले, रक्त देण्याची वेळही कमी आली. हे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्व सौदी अरेबियातील कातिफ भागात आणि भारतात या जनुकाचा प्रकार एकच आहे. ग्रंथकार त्यास सौम्य म्हणत आले. नागपूरच्या वॉर्डांतील मुले पाहिल्यावर तसे म्हणवत नाही.

सौदी शासनाने 2004 पासून आपल्या नागरिकांना विवाहापूर्वी ही तपासणी सक्तीची केली. आमची लग्ने मात्र सुटीत, मायदेशी, पंधरवड्यात जमतात. पत्रिका पाहणे आपण सोडले, हे उत्तमच. पण रक्ताचा अहवाल मागताना जीभ अडखळते. वधूवर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. नुसत्या वाहकास सहसा काही त्रास नसतो. त्याचे स्थळ नाकारण्याचे कारण नाही, जोडीदाराची तपासणी व्हावी इतकेच. या सुटीत मुलांची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्यावी आणि अहवाल पासपोर्टाबरोबर जपून ठेवावा.

त्या तरुणाच्या बहिणीने तपासणी करून घेतली. अहवाल तिने स्वतःच वरपक्षाकडे पाठविला.