बरोबरीचे सख्य, मांडलिकी नव्हे

आषाढ सरत आलेला असतो. पहिल्या पावसावर टोबलेली कपाशी वीतभर वाढलेली असते आणि नेमका त्याच वेळी पाऊस दडी मारतो. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा प्रसंग नवा नाही. वर जमीन भेगाळली तरी खाली ओल किती आहे, पाऊस आणखी आठ दिवस लांबला तर पीक तगेल की दुबार पेरणीचे संकट ओढवेल, हे तो डवऱ्यामागे चालताना मूठभर काळी माती हातात दाबून ठरवतो. ३० जुलै २०२५ रोजी सायंकाळी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या ‘निसार’ उपग्रहाचा संबंध त्या मूठभर मातीशी आहे. दिवस असो वा रात्र, आकाश निरभ्र असो वा ढगांनी भरलेले, रडारच्या लहरींनी तो पृथ्वीवरील जवळजवळ सर्व भूभाग दर बारा दिवसांत दोनदा पाहतो. भूकंपाने सरकलेली जमीन, आक्रसणाऱ्या हिमनद्या, जंगले, पिके आणि मातीतील ओलावा टिपणे हे त्याचे काम. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी तो मिळून घडवला. या ‘मिळून’ शब्दाचा अर्थ नीट लावणे आज अगत्याचे झाले आहे.

कारण आपल्याकडील एका वर्गाचे जुने पालुपद आहे. विज्ञानाला देश नसतो, अंतराळ साऱ्या मानवजातीचे आहे, तेव्हा स्वदेशीचा आग्रह हा संकुचितपणा होय, असे हा वर्ग सांगत असतो. ऐकायला हे उदात्त वाटते. परंतु अंतराळ संस्थांच्या परस्पर सहकार्याचा इतिहास काही निराळेच सांगतो. विज्ञानाच्या सत्याला देश नसेल, पण दुर्बिणीला असतो, रॉकेटला असतो आणि वाटाघाटीच्या मेजाभोवतालच्या खुर्च्यांना तर निश्चितच असतो.

१९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ आला, तेव्हा शीतयुद्ध संपलेले नव्हते. तरीही सोव्हिएत संघ, युरोप, जपान आणि अमेरिका यांच्या अंतराळ संस्थांनी १९८१ पासूनच एक समन्वय गट स्थापून कामाची वाटणी केली होती. सोव्हिएत संघाच्या दोन ‘वेगा’ यानांनी आधी जाऊन धूमकेतूच्या केंद्राचा नेमका ठाव घेतला, अमेरिकेच्या भूस्थानकांनी त्या यानांचा माग ठेवला आणि त्या आकड्यांच्या आधारे युरोपचे ‘जोत्तो’ यान केंद्रापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. प्रतिस्पर्धी महासत्ता येथे एकत्र आल्या, हे खरेच कौतुकाचे. पण त्या मेजावर जपानला खुर्ची का मिळाली? जपानची ‘साकिगाके’ आणि ‘सुइसेई’ ही याने लहान होती, परंतु ती त्याची स्वतःची होती आणि स्वतःच्याच रॉकेटवरून गेली होती. भारताचे यान त्या ताफ्यात नव्हते. आकाशाकडे सहस्रो वर्षे डोळसपणे पाहणाऱ्या, आर्यभट आणि भास्कराचार्यांचा वारसा सांगणाऱ्या देशासाठी त्यातला धडा स्पष्ट होता. वारशाने आदर मिळेल, खुर्ची मात्र सामर्थ्यानेच मिळते.

भारतीय अंतराळ कार्यक्रमाचा आरंभ सहकार्यातूनच झाला, हे मान्य केले पाहिजे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंब्याहून जे पहिले रॉकेट उडाले ते अमेरिकेचे होते, त्यातील सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. त्यात कमीपणा नव्हता. डॉ. विक्रम साराभाईंनी ते उसने आणले ते शिकण्यासाठी, आयुष्यभर परक्याच्या ओंजळीने पाणी पिण्यासाठी नव्हे. शिष्य प्रौढ होऊ लागला, तेव्हा गुरुजनांची वृत्ती पालटली. जड उपग्रह उंच कक्षेत नेण्यासाठी लागणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचा करार सोव्हिएत संघाच्या ग्लावकॉसमॉसने १९९१ मध्ये केला होता. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि ग्लावकॉसमॉस या दोहोंवर निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून अंग काढून घेतले. तयार इंजिने तेवढी मिळाली. मानवजातीचे अंतराळ तेव्हा कोठे गेले होते?

भारतीय वैज्ञानिकांनी या नकाराला निषेधाच्या पत्रकांनी नव्हे, तर प्रयोगशाळेतून उत्तर दिले. २०१० मधील पहिला प्रयत्न फसला. ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीने यशस्वी उड्डाण केले. आणि नियतीचा न्याय असा, की सुमारे २,४०० किलो वजनाचा ‘निसार’ २०२५ मध्ये अवकाशात नेला तो याच जीएसएलव्हीने, याच स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याच्या बळावर. ज्या राष्ट्राने इंजिन अडवले होते, त्याने आपले मोलाचे रडार विश्वासाने त्याच इंजिनाच्या स्वाधीन केले.

२०१४ सालचा सप्टेंबर तर विसरता न येणारा. २४ तारखेला मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. त्यानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक व्यंगचित्र छापले. पागोटे घातलेला भारतीय शेतकरी गायीसह उच्चभ्रूंच्या अंतराळ क्लबचे दार ठोठावत आहे, असे ते चित्र. टीका झाल्यावर त्या पत्राला क्षमा मागावी लागली. पण त्याच आठवड्यात, ३० सप्टेंबरला, टोरंटो येथे नासा आणि इस्रोच्या प्रमुखांनी ‘निसार’च्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. व्यंगचित्रकाराला जे उमगले नाही ते नासाला उमगले होते. दार ठोठावणारा मागायला आलेला नव्हता, तो हातात काही घेऊन आला होता. लांब तरंगांचे रडार आणि बारा मीटर व्यासाची अँटेना नासाची. दुसरे रडार, उपग्रहाचा सांगाडा आणि प्रक्षेपण इस्रोचे. याला म्हणतात वाटणी.

चांद्रयान मोहिमा हेच सांगतात. २००८ च्या पहिल्या चांद्रयानावर अकरा उपकरणे होती. त्यांपैकी पाच भारतीय, उरलेली युरोप, अमेरिका आणि बल्गेरिया यांची. इस्रोच्या काही संस्था अमेरिकेच्या काळ्या यादीत होत्या आणि त्या जानेवारी २०११ पर्यंत तेथे राहिल्या. तरीही अमेरिकेच्या उपकरणांना भारताने आपल्या यानावर सन्मानाने जागा दिली. चंद्रावरील पाण्याचा पुरावा त्या सहकार्यातून पुढे आला. दुसऱ्या चांद्रयानासाठी अवतरणयान रशिया देणार होता. ते आले नाही, तेव्हा भारताने स्वतः घडवले. २०१९ मध्ये ते कोसळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तिसऱ्या चांद्रयानाचे ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद उतरले. आणि आता जपानबरोबरच्या चांद्रमोहिमेत रॉकेट व बग्गी जपानची असून अवतरणयान भारताचे ठरले आहे. कालचा याचक आज दाता झाला, तो स्वावलंबनाने.

याचा अर्थ दारे लावून बसावे असा मुळीच नाही. स्वदेशी म्हणजे परकीयांचा विटाळ, असे मानणारेही चूकच करतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेली पुण्याची आयुका यांचा मोठा सहभाग असलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ वेधशाळेत (२०१५) कॅनडाच्या अंतराळ संस्थेचा आणि ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाचाही वाटा आहे. त्याने कोणाचे स्वत्व उणे झाले नाही. ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे आपलेच वचन आहे. परंतु कुटुंबात मिळवत्या माणसाच्या शब्दाला वजन असते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

आता पुन्हा दारव्ह्याकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ पडले. हीच वऱ्हाडाची ‘शकुंतला’. दारव्हा हे तिच्या वाटेवरचे स्थानक. ती दिसायला लोभस, पण तिचे प्रयोजन एकच होते: येथील कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे नेणे. कापूस कच्चा जाई आणि कापड होऊन परत येई. नफा वाटेतच राही. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके त्या रुळांची मालकी ब्रिटिशांनी स्थापिलेल्या खासगी कंपनीकडेच राहिली, गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवी.

‘निसार’ची माहिती जगाला विनामूल्य खुली आहे आणि विज्ञानाच्या हिताचे तेच आहे. परंतु खुली माहिती हाही कच्चा मालच. दारव्ह्याच्या मातीतील ओल उपग्रह टिपणार, ती आकडेवारी सातासमुद्रापार एखादी कंपनी पिंजणार, कातणार, विणणार आणि ‘पीक सल्ला’ म्हणून त्याच शेतकऱ्याला विकत देणार, असे घडले तर रूळ बदलले, शकुंतला तीच राहिली, असेच म्हणावे लागेल. पीकविम्यात उत्पादनाचा अंदाज उपग्रहाच्या आधारे करण्याची पद्धत २०२३ पासून आली आहे. अशा वेळी हे आकडे कोणाच्या हाती आणि कोणाच्या भाषेत आहेत, हा प्रश्न केवळ अभिमानाचा उरत नाही. तो भाकरीचा होतो.

आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ‘निसार’च्या आकड्यांवरून दारव्ह्यासारख्या प्रत्येक तालुक्यातील ओलाव्याचे पत्रक तयार व्हावे, ते मराठीत आणि विनामूल्य असावे, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर वेळेत पोहोचावे, हा आग्रह या संस्थांकडे आणि राज्य शासनाकडे धरला पाहिजे. तालुक्यातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही आकडेवारी वाचायला शिकले पाहिजे.

वैज्ञानिकांनी श्रीहरिकोट्यात आपले काम चोख केले आहे. आकाशात भारत बरोबरीने बसला. ती बरोबरी दारव्ह्याच्या बांधापर्यंत आणणे हे समाजाचे काम आहे. मूठभर माती दाबून पाहणाऱ्या त्या हाताला स्वतःच्या भाषेत उत्तर मिळेल, त्या दिवशी ‘मिळून’ या शब्दाला खरा अर्थ येईल.