नऊ पंच कोणी निवडले?

शुक्रवारी, 24 नोव्हेंबर 1961 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने, पत्नीचे प्रियकर आहुजा यांच्या खुनाबद्दल दोषी ठरलेले नौदलाचे कमांडर नानावटी यांचे अपील फेटाळून मुंबई उच्च न्यायालयाने ठोठावलेली जन्मठेप कायम केली. निकाल रास्त आहे, हे आम्ही आरंभीच निःसंदिग्धपणे सांगतो. बायकामुलांना चित्रपटगृहाशी सोडून, रात्री एकट्याने अहमदनगरला मोटार हाकीत जावयाचे आहे अशी खोटी सबब सांगून जहाजावरून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे मिळविणारा, आणि ते पाकिटात घालून प्रथम आहुजा यांच्या कचेरीत व तेथून त्यांच्या निजावयाच्या खोलीपर्यंत जाणारा मनुष्य पत्नीची कबुली ऐकल्याच्या तीन तासांनंतरही आकस्मिक क्षोभाच्या अधीन होता, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? बरे, झटापटीत गोळ्या सुटल्या म्हणावे, तर नुकतेच स्नान करून बाहेर आलेल्या त्या इसमाच्या कमरेचा टॉवेल, तीन गोळ्या लागून तो कोसळला तरी, जागचा सुटलेला नव्हता.

हा टॉवेल ज्यूरीच्या नऊ पंचांसमोर होता. तरीही आठांनी आरोपीस निर्दोषी ठरविले, आणि सेशन जज्ज श्री. मेहता यांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले म्हणूनच न्यायाची अब्रू राहिली. तेव्हापासून ज्यूरीची पद्धतच मोडीत काढा असा घोष सुरू झाला असून, लॉ कमिशनने 1958 च्या अहवालात केलेली तशीच शिफारस जो तो पुढे करू लागला. या मागणीला आमचा स्पष्ट विरोध आहे. ते नऊ जण कोणत्या यादीतून आले, ती यादी कोणी व कोणत्या कसोटीने केली, आणि निवड झाल्यावर त्यांना कोणत्या हवेत ठेवले, हे विचारल्यावाचून ज्यूरीला सुळावर चढविणे म्हणजे पुन्हा एकदा पुरावा न पाहताच कौल देणे होय.

खटला इंग्रजीतून चालला, तेव्हा इंग्रजी समजणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कोणाचा त्या बाकावर प्रवेश होणे शक्यच नव्हते. मुंबईतला गिरणीकामगार, भाजीवाली, गोदीतला हमाल ही सारी माणसे मतदानाला लायक आणि न्यायदानाला नालायक! निवडलेल्या मूठभरांचे तरी रक्षण झाले काय? ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडउघड आरोपीची तरफदारी करीत होते, त्याचा अंक दोन दोन रुपयांना खपत होता आणि रस्त्यावर फेरीवाले नानावटींच्या नावाचे खेळण्यातले रिव्हॉल्व्हर विकीत होते. या गदारोळापासून पंचांना अलिप्त ठेवण्याची तजवीज कोणी केली नाही. त्यातच खुद्द जज्जांनी ज्यूरीला केलेल्या निरूपणात कायद्याच्या गंभीर चुका होत्या, अपघाताची सबब शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो हे त्यांना नीट सांगितलेच गेले नाही, असे उच्च न्यायालयाने नमूद केले आहे. अशा स्थितीत दोष एकट्या त्या आठांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

निवडीत काय सामर्थ्य असते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. लोकमान्य टिळकांवरील 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपियन व तीन हिंदी पंच होते, आणि कौल सहा विरुद्ध तीन असा पडला. 1908 साली सात युरोपियन व दोन पारशी बसविले गेले, आणि सात विरुद्ध दोन अशा कौलावर न्या. दावर यांनी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. लेख मराठीत, आणि पंचांच्या हाती इंग्रजी भाषांतर! याच इंग्रज सरकारने, गोऱ्या आरोपींना हिंदी न्यायाधीशांपुढे आणू पाहणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या वादात मात्र गोऱ्या आरोपीला निम्मे पंच गोरेच मिळतील असा हक्क 1884 मध्ये तोडून दिला. यादी ज्याच्या हाती, निकाल त्याच्या हाती, हे इंग्रज पुरेपूर जाणून होता.

आणि आमच्याकडे इंग्रजापूर्वी काय होते? जुन्या दप्तरांतील महजर, म्हणजे निवाड्यांचे लेख, पाहावेत. गावकऱ्यांच्या गोतसभेत बसलेला कुणबी आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण काढीत, आणि निवाडा त्या सर्वांच्या साक्षीने होई. आपल्या गावच्या गोतावर विश्वास नसेल तर वादी दुसरे स्थळ मागू शके, आणि पंचांचा निवाडा मान्य करीन असा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, उभय पक्षांना आधी लिहून द्यावा लागे. जातीपातीचे दडपण त्या सभेत होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण पंच कोण असावेत यावर दोन्ही पक्षांची संमती आधी घ्यावी, एवढी साधी गोष्ट त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या लोकांना कळत होती.

इंग्रजी अमलात आम्हा नागपूर-वऱ्हाडकरांच्या वाट्याला आले ते असेसर. त्यांनी दिवसच्या दिवस कामकाज ऐकावे, मत द्यावे, आणि जज्जांवर ते मत बंधनकारक नसावे, असा तो शिरस्ता. 1955 साली तोही संपला. 1956 साली नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय गेले. आज सिव्हिल लाइन्समधील त्या भव्य इमारतीत खंडपीठ भरते, परंतु या प्रदेशातील सामान्य नागरिकाला न्यायासनाजवळ उभे राहण्याची जागा उरली आहे ती केवळ साक्षीदाराच्या अथवा आरोपीच्या पिंजऱ्यात.

नानावटी प्रकरणात राज्यपाल श्री. श्रीप्रकाश यांचे वर्तन तर आम्हांस त्या आठांच्या कौलाहून अधिक खटकले. 11 मार्च 1960 रोजी उच्च न्यायालयाने शिक्षा सांगितली आणि त्याच दिवशी श्री. श्रीप्रकाश यांनी ती तहकूब करून आरोपीस नौदलाच्या ताब्यात राहू दिले. अपील न्यायप्रविष्ट असता हा हुकूम चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबरात सांगावे लागले. भंडाऱ्याच्या एखाद्या धानकऱ्याने अशाच संतापात कोणाचा जीव घेतला, तर त्याच्यासाठी कोणते राजभवन त्याच दिवशी लेखणी उचलील? पंचांवर पक्षपाताचा आरोप करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाला आमची विनंती आहे, की ज्यूरीच्या मृत्युलेखावर सही करण्याची घाई त्याने करू नये. पंचांच्या याद्या मतदारयाद्यांवरून तयार कराव्यात, खटला मराठीतून चालवावा, स्त्रियांना व कष्टकऱ्यांना त्या बाकावर बसवावे, कामाच्या बुडालेल्या दिवसांचा भत्ता द्यावा, आणि खटला चालू असता पंचांवर दडपण आणणाऱ्या वृत्तपत्रांना, त्यांत आमचेही नाव आले तरी हरकत नाही, कायद्याने जरब बसवावी. एवढे करून मग त्या नऊंचा कौल काय येतो ते पाहावे.