हंड्याचे ओझे आणि समतेचा प्रश्न

उन्हाळी सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेल्या विद्यार्थ्यांना, ‘सुट्टीत काय केले?’ असे आम्ही दरवर्षी विचारतो. मुले खेळांविषयी, लग्नकार्यांविषयी भरभरून सांगतात. मुलींपैकी अनेकींचे उत्तर एकच असते : ‘पाणी भरले.’ हवामान बदलाचा अर्थ आम्हांला ग्रंथांपेक्षा या उत्तराने अधिक शिकविला.

आरे कॉलनीचेच उदाहरण घेऊ. १९४९ साली येथे दुग्धवसाहत स्थापन झाली. परंतु वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे त्याहून जुने. मुंबईची तहान भागविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला विहार तलाव शेजारीच आहे. तरीही येथील कित्येक पाड्यांना नळ आणि विजेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. जेथे घरात नळ नाही, तेथे पाऊस लांबला की स्त्रीची पायपीट वाढते. उकाडा वाढला की पत्र्याखाली चुलीपुढे तीच होरपळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आरेतून वाहणारी मिठी नदी काठच्या वस्त्यांत शिरली. पूर ओसरल्यावर घरातील गाळ उपसणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे हे काम बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येते. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेतील वृक्षतोड सुरू झाली. तिच्या विरोधात पाड्यांवरील आदिवासी भगिनीही उभ्या राहिल्या; कारण सरपण, रानभाजी आणि सावली यांचे मोल त्यांना रोजच्या जगण्यातून ठाऊक होते.

निसर्ग जात वा लिंग पाहत नाही, असे काही जण म्हणतात. ते खरे आहे. परंतु निसर्गाच्या कोपाचे ओझे कोणी वाहायचे, हे समाज ठरवितो. पाण्याचा प्रश्न हा समतेचा प्रश्न आहे, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षात सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि गृहत्याग पत्करला, असे बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, ते माणूसपणाचा हक्क सिद्ध करण्यासाठी.

मात्र महाडचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांत हंडा कोणाच्या डोक्यावर आहे? पाणीटंचाईत शाळा कोणाची बुडते, मुलाची की मुलीची? या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांला स्वतःचीही मान खाली घालावी लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे की, आपण महापालिकेत असा, अभियंता असा वा वकील असा, पाड्यापाड्यांवर नळ पोहोचेपर्यंत पाठपुरावा करावा. पालकांना विनंती एवढीच की, टंचाईच्या दिवसांत मुलीला शाळेतून काढू नये आणि घरातला हंडा मुलाच्याही हाती द्यावा.

जय भीम! नमो बुद्धाय!